नेमाची विद्या

१९१० सालची धनत्रयोदशी. शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबा धुनीत लाकडं सारत बसले होते. एकाएकी त्यांनी हातच धुनीत घातला. दूर कुठेतरी एका लोहाराचं मूल भट्टीत पडलं, त्याला वाचवण्यासाठी हे केलं, असं त्यांनी मागाहून सांगितलं. हेमाडपंतांच्या ‘श्री साईसच्चरिता’त ही हकिकत आहे. बाबांचे भक्त माधवराव देशपांडे धावले, त्यांनी बाबांना मागे ओढलं, पण तोवर हात भाजला होता. माधवरावांनी नानासाहेब चांदोरकरांना कळवलं आणि नानासाहेब मुंबईच्या डॉ. परमानंदांना घेऊन आले. सोबत मलम होतं, पट्ट्या होत्या. पण बाबांनी डॉक्टरांना हात लावू दिला नाही.

त्या हाताची रोजची शुश्रूषा केली भागोजी शिंदे यांनी. ते स्वतः कुष्ठरोगी होते. रोज पट्टी सोडायची, तूप चोळायचं, वर पान ठेवायचं आणि पुन्हा घट्ट पट्टी बांधायची. जखम भरून आली तरी हे थांबलं नाही. १९१८च्या विजयादशमीला बाबांनी देह ठेवला, तोवर हा नेम चालू होता.

भाजल्यावर तूप लावावं, असा धडा या गोष्टीतून कुणी घेऊ नये. आजचं शास्त्र स्पष्ट सांगतं: भाजलेला भाग लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटं धरावा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट, शाई यांतलं काहीही लावू नये. सूज यायच्या आत अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, स्वच्छ कापडानं जखम सैल झाकावी आणि दवाखाना गाठावा. भागोजींकडून घ्यायचा आहे तो त्यांचा नेम. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मुलामुलींना जे शिकवतात, त्या साऱ्याचा गाभा हाच आहे. हात धुणं, अंथरूण घालणं, नाडी मोजणं, कूस बदलणं ही कामं दिसायला लहान आहेत. ती ठरल्या वेळी, ठरल्या रीतीनं, कुणी बघत असो वा नसो, होत राहिली तरच माणूस बरा होतो. शिर्डीत ‘सबुरी’ हा शब्द भिंतीभिंतीवर लिहिलेला दिसतो. वॉर्डात त्याचा अर्थ ‘दर दोन तासांनी’ असा होतो.

चार पायांतला एक

चरकसंहितेनं उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत, असंही तिथे म्हटलं आहे: शुश्रूषेचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता. दोन हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर घातली, तरी परकी वाटणार नाही.

आधुनिक प्रशिक्षण महाराष्ट्रात आलं ते मुंबईच्या वाटेनं. १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. भारतीय परिचर्येच्या इतिहासात पहिली प्रशिक्षणार्थी भारतीय परिचारिका म्हणून त्यांची नोंद आहे. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावण्याचं काम घरंदाज बाईनं कसं करावं, असं म्हणणाऱ्या समाजात ही साधी गोष्ट नव्हती.

त्याआधी, कुठलंही प्रमाणपत्र नसताना, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे त्या नगरशी त्यांचं नातं जुनं. शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांनी नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं होतं. १८९७च्या साथीत मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोगी तिथे नेऊन पोचवू लागल्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या मायेत काही उणं नव्हतं. हातमोजे, मुखपट्टी, संसर्ग रोखण्याची पद्धत मात्र त्या काळी हाताशी नव्हती. आज ती आहे, म्हणून शुश्रूषा करणाऱ्यानं स्वतःला जपणं हाही अभ्यासाचा भाग आहे.

आज शिर्डीत संस्थानची श्री साईनाथ आणि श्री साईबाबा ही रुग्णालयं आहेत. त्याच राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा रुग्णालय आणि नर्सिंगचं महाविद्यालय आहे. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग असे मार्ग वेगवेगळे असले, तरी पहिले धडे सगळीकडे तेच.

पहिला धडा: हात

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं एक साधा नियम घातला: शवविच्छेदन करून आलेल्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. त्या वॉर्डात १८४६ साली शंभरातल्या दहाहून अधिक बाळंतिणी दगावत होत्या. १८४८ साली हे प्रमाण शंभरात दोनच्याही खाली आलं. नवं औषध आलं नव्हतं, फक्त हात धुतले गेले.

आज जागतिक आरोग्य संघटना हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगते: पेशंटला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संपर्क आल्यावर, पेशंटला स्पर्श केल्यानंतर आणि पेशंटच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण-पाण्यानं ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरनं २० ते ३० सेकंद. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब असतील, तर साबण-पाणीच. सगळ्यांत जास्त सुटतात त्या जागा म्हणजे अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या. हातमोजे घातले म्हणून हात धुणं टळत नाही. ते काढल्यावरही हात धुवायचे असतात. आणि वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचं नाही. ती सरळ पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जाते.

बघणं आणि मोजणं

तापमान, नाडी आणि श्वास यांना वॉर्डात एकत्रच ‘टीपीआर’ म्हणतात. प्रौढ माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइटच्या आसपास, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि रक्तदाब १२०/८०च्या जवळपास. आकडे कुणीही पाठ करील. ते खरे यावेत म्हणून काय करायचं, यात कौशल्य आहे.

नाडी अंगठ्यानं मोजायची नाही, कारण अंगठ्याचे स्वतःचे ठोके बोटाला लागतात. पहिली दोन-तीन बोटं मनगटावर ठेवायची आणि ठोके अनियमित वाटले तर पूर्ण एक मिनिट मोजायचे. गरम चहा पिऊन बसलेल्याच्या तोंडात लगेच थर्मामीटर ठेवला, तर चहाचा ताप मोजला जातो. रक्तदाब घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं आणि दंड हृदयाच्या पातळीला ठेवायचा. जाड दंडाला लहान कफ बांधला तर आकडा खोटा वाढतो. दर्शनाच्या रांगेतून धापा टाकत आलेल्या आजोबांचा दाब आल्या आल्या घेतला, तर तो त्यांच्या आजाराचा की रांगेचा, हे कळणार नाही.

श्वास मोजण्याची युक्ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या लक्षात राहते. ‘श्वास मोजतो’ असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि छातीकडे बघून मिनिटभर श्वास मोजायचे. हा आकडा पुष्कळ ठिकाणी अंदाजानं लिहिला जातो, आणि माणूस खालावू लागल्याचं पहिलं चिन्ह बहुधा याच आकड्यात दिसतं. दुपारी १६ असलेला श्वास संध्याकाळी २४ झाला, तर पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणत असला तरी डॉक्टरांना कळवायला हवं.

एकटा आकडा फार बोलत नाही. चार तासांपूर्वीच्या आकड्याशेजारी तो ठेवला की बोलू लागतो. मोजमाप नेमानं घ्यायचं ते यासाठी.

अंथरूण आणि पाठ

नव्या विद्यार्थ्यांना वाटतं, चादर घालायला काय शिकायचं? पण चादरीची एक चुणी अर्धांगवायूच्या पेशंटच्या पाठीखाली रात्रभर राहिली, तर सकाळी तिथे वळ उठतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. हाच बेडसोर. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग या त्याच्या ठरलेल्या जागा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून उचला. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून आपल्याकडे डोळ्यांबरोबर हातही वापरायला हवा. आजूबाजूच्या मानानं ती जागा गरम, कडक किंवा मऊ लागते का, ते चाचपून बघायचं.

उपाय म्हणजे नेम. स्वतः न हलणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. एकदम पूर्ण कुशीवर नेण्यापेक्षा उशीचा आधार देऊन ३० अंश कलतं ठेवलं की खुब्यावर भार येत नाही. वर सरकवायचं असेल तर ओढायचं नाही, दोघांनी पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर (ड्रॉ-शीट) धरून उचलायचं. ओढण्यात आतले थर फाटतात आणि ते वरून कळत नाही. टाचांखाली नव्हे, पोटरीखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ओलं कापड तत्काळ बदलायचं. लाल झालेली जागा चोळायची जुनी सवय सोडायची, कारण चोळल्यानं दुखावलेल्या पेशी आणखी दुखावतात. गोल रिंगची उशीही नको, तिच्या कडेनंच रक्तप्रवाह अडतो.

घरी अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तर हे सारं तिच्यासाठीही आहे.

औषध देताना

योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम नर्सिंगचा विद्यार्थी झोपेतही म्हणून दाखवतो. पहिल्यातच चूक होऊ शकते. ‘तुम्ही साईनाथ का?’ असं विचारलं की गुंगीतला, बहिरा किंवा घाबरलेला माणूस मान हलवतो. शिर्डीच्या आसपास एका वॉर्डात दोन साईनाथ असणं काही अवघड नाही. म्हणून विचारायचं, ‘तुमचं पूर्ण नाव सांगा,’ आणि मनगटाची पट्टी व केसपेपर यांच्याशी ते ताडून बघायचं. शिर्डीला तेलुगू, कन्नड, गुजराती, हिंदी बोलणारी माणसं येतात. ज्याला आपली भाषा कळत नाही त्याचा होकार म्हणजे उत्तर नव्हे. तिथे पट्टी आणि नातेवाईक, दोन्हींचा आधार घ्यायचा.

मात्रेचं एक उदाहरण जिवाशी गाठ घालणारं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत मिलिलिटरला ४० युनिट असतात किंवा १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४०साठी लाल टोपणाची, १००साठी केशरी. शंभराचं इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर पेशंटला अडीचपट मात्रा जाते आणि साखर एकदम खाली येते. कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवायला पाच सेकंद लागतात.

सलाइनचं गणितही हातात बसायला हवं. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय हे गणित मांडायचं नाही.

पाण्याचा हिशेब

साईसच्चरिताची सुरुवातच एका साथीनं होते. बाबा जात्यावर गहू दळतात, चार बायका पुढे होऊन ते दळण पुरं करतात आणि ते पीठ गावाच्या वेशीवर टाकलं जातं, महामारी हटावी म्हणून. त्या काळी पटकी (कॉलरा) गावात शिरली की घरंच्या घरं ओस पडत. पटकीत माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यानं. हे पाणी तोंडानंच परत देता येतं, याचा मोठा पुरावा १९७१ साली मिळाला. बांगलादेश मुक्तिसंग्रामातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले होते आणि तिथे पटकीची साथ होती. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. घोट घोट पाणी पाजत राहणं ही शुश्रूषाच होती, आणि ती आयाबहिणींनी केली.

ओआरएसचं पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालायचं. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं घालायचं नाही, जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं थोडं पाजायचं.

वॉर्डात हाच हिशेब इनटेक-आउटपुटच्या तक्त्यावर मांडतात. पोटात गेलेलं पाणी, चहा, सलाइन एका बाजूला. लघवी, उलटी, जुलाब, नळीतून आलेलं दुसऱ्या बाजूला. प्रौढाला तासाला किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिलिटर. सलग काही तास ती याहून कमी झाली, तर मूत्रपिंडांना रक्त कमी पडत असल्याची शंका घ्यायची. ‘लघवी झाली’ या नोंदीचा उपयोग नाही. किती झाली, ते लिहायचं.

पाय बघा

रामनवमीला मुंबईहून आणि ठिकठिकाणाहून पालख्या शिर्डीला चालत येतात. चैत्राचं ऊन, तापलेली डांबरी सडक आणि कित्येकांचे पाय अनवाणी. यात मधुमेही माणसं असतात. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. खडा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही. कुष्ठरोगातही असंच होतं. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत पोचते.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यानं मधुमेही यात्रेकरूला ‘दुखतं का?’ एवढंच विचारून भागत नाही. मोजे उतरवून तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी बघायच्या. फोड अखंड असेल तर फोडायचा नाही. फुटला असेल तर स्वच्छ पाण्यानं धुऊन निर्जंतुक पट्टी बांधायची आणि पुढचं चालणं थांबवायचं. नवस चपला घालूनही पुरा होतो, हे प्रेमानं सांगणं हा ड्रेसिंगचाच भाग आहे.

रांगेत उभ्याउभ्या चक्कर आली तर माणसाला आडवं करायचं, पाय वर उचलायचे आणि भोवतीची गर्दी हटवायची. पण अंग तापून फणफणलेलं असेल आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजायचा. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंग ओलं करून वारा घालत राहायचं आणि त्याच वेळी १०८ला फोन करायचा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

ऐकणं आणि लिहिणं

‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृतातल्या ‘श्रु’ धातूवरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. सेवेला आपल्या पूर्वजांनी हे नाव दिलं, यात मोठं शहाणपण आहे. पहाटे तीनला बेल वाजवून ‘सिस्टर, काहीतरी होतंय’ म्हणणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही. ‘काही नाही, झोपा’ म्हणणं सोपं असतं. थांबून ‘कुठे होतंय? केव्हापासून? याआधी झालं होतं का?’ असं विचारणारी सिस्टर त्या वेळी पाठ्यपुस्तकातली नर्सिंगची पद्धतच वापरत असते: माहिती घेणं, अडचण ठरवणं, काय करायचं ते आखणं, करणं आणि त्याचा उपयोग झाला का ते पुन्हा बघणं.

मग ते लिहायचं. ड्यूटी संपली की पुढच्या पाळीकडे काम सोपवताना (‘ओव्हर’ देताना) पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं: कोण आहे, कशासाठी आहे, या पाळीत काय बदललं, पुढच्या पाळीनं कशाकडे लक्ष ठेवायचं. नोंदीत चूक झाली तर एक रेघ मारून, सही करून शेजारी बरोबर लिहायचं. खाडाखोड नाही, आणि न केलेल्या कामाची नोंद तर कधीच नाही. न मोजलेला श्वास ‘१८’ असा लिहिला, तर रात्रीच्या डॉक्टरला तो खराच वाटणार आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनो, स्पंज बाथ, बेडपॅन, तोंडाची स्वच्छता ही कामं तुम्हाला हलकी वाटू लागतील, घरचेही कधी तसं बोलतील. ऐकू नका. उघड्या अंगाचा, परावलंबी झालेला माणूस पडदा ओढून, नाव घेऊन, परवानगी विचारून धुणाऱ्या हातांना आधी शास्त्र कळावं लागतं आणि मग माणूस कळावा लागतो.

आणि वाचकांनो, कधी ना कधी आपण सगळेच त्या खाटेवर किंवा तिच्याशेजारच्या स्टुलावर असणार आहोत. सिस्टरनं तिसऱ्यांदा नाव विचारलं तर न वैतागता पूर्ण नाव सांगा. हात धुतले नसतील तर ‘हात धुता का?’ असं नम्रपणे विचारा, तो तुमचा हक्क आहे. ती मनगट धरून गप्प उभी असेल तेव्हा तिच्याशी बोलू नका. ती श्वास मोजते आहे. तिला तो एक मिनिट द्या.